तरुणांच्या जगण्यावर चित्र-पोस्टर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजचं भित्तिपत्रक, युवा महोत्सवातली स्पर्धा, एखाद्या संस्थेची मोहीम किंवा स्वतःची पोस्टर-मालिका यासाठी काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. हाताने रंगवणारे आणि स्क्रीनवर काम करणारे, दोघांसाठीही.

चित्र चांगलं आलं, की पोस्टर झालंच ना?

नाही. चित्रापुढे माणूस थांबतो, पोस्टरसमोरून तो चालत पुढे जातो. दहा फुटांवरून तीन सेकंदांत कोण आहे, कुठे आहे आणि काय चाललंय एवढं कळलं पाहिजे. बाकीचा तपशील जवळ येणाऱ्यासाठी. एक सोपी चाचणी आहे. कच्चं रेखाटन मोबाइलवर उघडा, बोटाच्या पेराएवढं लहान करा आणि हात लांब धरून पाहा. आकृती ओळखू आली नाही तर कितीही रंगवलं तरी ते पोस्टर होणार नाही. मग छटा बदलत बसू नका, आकार बदला.

'आजची तरुणाई' असा विषय मिळालाय. सुरुवात कुठून करू?

'तरुणाई' हा शब्द आधी खोडा. तो डोक्यात असेपर्यंत हात तेच काढतो: उगवता सूर्य, उडी मारणाऱ्या काळ्या आकृत्या, वळलेली मूठ, मोबाइलच्या साखळदंडात अडकलेला मुलगा, अर्ध्या चेहऱ्यावर अंधार आणि अर्ध्यावर उजेड. १२ जानेवारीला, राष्ट्रीय युवा दिनाच्या स्पर्धेत, यात विवेकानंदांच्या भगव्या फेट्याची भर पडते. शंभरातली बहुतेक पोस्टरं अशीच असतात, त्यामुळे परीक्षकाला ती वेगवेगळी दिसतच नाहीत.

त्याऐवजी एक वाक्य लिहा आणि त्यात चार गोष्टी येऊ द्या: वय, ठिकाण, वेळ, काम. 'पहाटे साडेपाचला बीड जिल्ह्यातल्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी एकोणीस वर्षांची मुलगी.' या वाक्यातून चित्र आपोआप सुटायला लागतं. प्रकाश कुठला? एखाद्या ट्रकचा हेडलाइट. रस्त्याच्या कडेला काय? चुन्याने मारलेली खूण, कारण भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावं लागतं आणि सराव करणारे अंतर मोजून ठेवतात. हातात काय? मोबाइल, पण गाणी ऐकायला नाही, स्टॉपवॉच लावायला. साखळदंडातल्या मोबाइलपेक्षा हा मोबाइल जास्त काही सांगतो.

असं वाक्य जमत नसेल, तर अडचण चित्रकलेची नाही. त्या मुलीविषयी अजून पुरेसं माहीत नाही, एवढंच.

निरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय टिपायचं?

चेहरे सगळ्यात शेवटी. आधी हात कुठे आहेत ते पाहा, मग वजन कोणत्या पायावर आहे, मग पिशवी कशी धरली आहे. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी सॅक पाठीवर नसते, पोटाशी असते. ती पाठीवर काढली, की रोज प्रवास करणाऱ्या माणसाला चित्र खोटं वाटतं. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं पुस्तकांचा डोंगर समोर ठेवतात, पण वाचतात एकच झेरॉक्स काढलेला गठ्ठा, स्पायरल बाइंडिंगचा. खुर्चीच्या पाठीला ओला टॉवेल वाळत असतो. कॉट बेसिसच्या (एकेका खाटेचं भाडं भरून राहायच्या) खोलीत तीन चार्जर एका प्लगवर असतात आणि प्रत्येकाची बादली वेगळ्या रंगाची असते, तशी खूण करूनच ठेवलेली असते.

पाच ठिकाणं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं बसा. वहीत तीन रकाने करा: वस्तू, अंगस्थिती, ऐकलेलं वाक्य. तिसरा रकाना लोक वगळतात आणि नंतर घोषवाक्य सुचत नाही म्हणून डोकं धरून बसतात. 'केटी निघाली का?' (मागे राहिलेला विषय सुटला का?), 'रूमवर ये', 'घरी सांगितलं नाहीये अजून' अशी ओळ कानावर पडलेली असली, तर 'शिक्षण हीच खरी संपत्ती' लिहायची वेळ येत नाही.

पोस्टरमध्ये माणसं किती असावीत?

ए-३ आकारात एक किंवा दोन. तीन आले, की त्यातला एक पाठमोरा किंवा कडेला अर्धा कापलेला ठेवा, म्हणजे नजर दोघांवरच राहते. गर्दी हाच विषय असेल, तर गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची गर्दीची चित्रं समोर ठेवून अभ्यास करा. त्यांच्या चित्रात चाळीस माणसं असली तरी प्रत्येक जण काहीतरी करत असतो, नुसता जागा भरायला उभा कुणीच नसतो. तेवढा वेळ आणि हात नसेल, तर गर्दीला एकाच फिक्या रंगाचा सपाट आकार द्या आणि पुढच्या एका माणसालाच पूर्ण रंग द्या.

माझी तरुण माणसं एकतर लहान मुलं दिसतात, नाहीतर चाळिशीतली. काय चुकतं?

प्रमाण. पूर्ण वाढलेल्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी असते. डोकं मोठं, डोळे मोठे आणि मान आखूड काढली, की वय दहा वर्षांनी उतरतं. व्यंगचित्राच्या शैलीत पाच-सहा डोक्यांवर यायचं असेल, तर मनगट, कोपर आणि मान लहान मुलासारखी गोल करू नका, हाडं दिसू द्या.

वय वाढतं ते बहुतेक वेळा रेषांनी. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची रेष, डोळ्याखालची रेष आणि कपाळावरची रेष या तिन्ही काढून टाका. दमलेलं दाखवायचं असेल तर खांद्यांतून दाखवा. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दमला तरी चेहऱ्यावर सुरकुती येत नाही, तो खुर्चीत घसरून बसतो.

त्वचेचा रंग नैसर्गिक कसा आणायचा?

'स्किन कलर' नावाची तयार बाटली बाजूला ठेवा. ती गुलाबीसर असते आणि आपल्याकडे फार थोड्यांना लागू पडते. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना समप्रमाणात घेऊन सुरुवात करा. गोऱ्या वर्णासाठी पांढरा, सावळ्यासाठी सिएना वाढवा. सावलीत काळा घालू नका, त्याने त्वचा मळकट होते. थोडा अल्ट्रामरीन ब्लू घाला.

छपाईसाठी, चार शाईंच्या टक्केवारीत, गव्हाळ वर्ण सायन (निळसर) २५, मजेंटा ५०, यलो ६५, ब्लॅक १० च्या आसपास येतो. गडद सावळ्यासाठी त्याच क्रमाने ३५, ६०, ७५, ३० पासून सुरू करून नमुना छापून पाहा. सायन वाढला की त्वचा हिरवट-राखाडी होते, ही नेहमीची तक्रार आहे. आणखी एक. चित्रातला यशस्वी मुलगा गोरा आणि व्यसनी मुलगा काळा, हे अजूनही सर्रास होतं. काम संपल्यावर एकदा या नजरेनेही पाहा.

मजकूर किती असावा?

मुख्य ओळ सहा-सात शब्दांच्या आत. चित्रात जे दिसतंय तेच ओळीत सांगू नका. मुलगा खिडकीत एकटा बसलेला आहे आणि खाली 'एकाकी तरुण' असं लिहिलं, तर दोघांपैकी एक फुकट गेलं. त्याच चित्राखाली 'जेवलास का?' असं लिहा. आता घरून आलेला फोन, अंतर आणि लपवालपवी सगळं आत आलं.

ओळ ज्याच्या तोंडची आहे त्याच्या बोलीत असू द्या, पण बोलीची थट्टा होऊ देऊ नका. नागपूरकडच्या मुलाच्या तोंडी 'काऊन' (म्हणजे 'का') सहज येतं. तेच केवळ गंमत म्हणून कोल्हापूरच्या मुलाच्या तोंडी घातलं, तर दोन्हीकडचे लोक चिडतील, आणि बरोबरच आहे.

संगणकावर मराठी अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, रफार सुटतो. का?

बहुतेक वेळा फाँट ठीक असतो, मजकूर मांडणारं इंजिन चुकीचं निवडलेलं असतं. फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेस, टाइप इथे जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. आवृत्ती त्याहून जुनी असेल तर 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असा पर्याय दिसेल. आधी टाइप केलेला मजकूर आपोआप सुधारत नाही, परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये कंपोझर (ओळी मांडणारी सोय) बदलावा लागतो किंवा नव्याने टाइप करावं लागतं. इलस्ट्रेटरमध्ये आधी 'शो इंडिक ऑप्शन्स' वर खूण करा, मग परिच्छेदाच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर घ्या. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर'. इंकस्केपमध्ये हा त्रास सहसा होत नाही.

दुसरं कारण जुने फाँट. डीटीपीच्या (संगणकावरच्या जुन्या अक्षरजुळणीच्या) काळातले बिगर-युनिकोड फाँट वापरलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्त परवान्याचे चांगले फाँट उपलब्ध आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू दोन्ही पोस्टरला चालतात, बालू जाड आणि गोलसर आहे म्हणून मुख्य ओळीला, मुक्ता बारीक मजकुराला.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन लिपीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हाताने द्या, फाँटच्या आकाराच्या १.३ ते १.५ पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. काही फाँट त्यावरून ल आणि श यांची मराठी वळणं देतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. 'दऱ्या'चा 'दर्या' झालाय का, तेही पाहा. स्पेलचेकला हे कळत नाही.

छापखान्यात पाठवताना मजकुराचं 'आउटलाइन' करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, फाँट लागत नाही), पण आउटलाइन केल्यावर पुन्हा एकदा वाचा. आणि मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. आउटलाइन झालेल्या 'विद्यार्थी'तला रफार दुरुस्त करण्यापेक्षा नवीन टाइप करणं स्वस्त पडतं.

हाताने अक्षरं काढली तर?

जमत असेल तर जरूर काढा. मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकाचा स्वभाव शीर्षकाच्या अक्षरांत उतरवला, तो मार्ग पोस्टरला तंतोतंत लागू आहे. आधी शिरोरेषा पेन्सिलीने आखा, तिच्यावर मात्रा-वेलांटीसाठी अक्षराच्या उंचीचा साधारण निम्मा भाग मोकळा सोडा, खाली उकारासाठी तिसरा हिस्सा. सगळ्यांचा एकच घोटाळा होतो: डावीकडून मोठी सुरू झालेली अक्षरं उजवीकडे येईपर्यंत जागा संपून चिरडतात. ट्रेसिंग पेपरवर ओळ आधी लिहून घ्या, मधलं अक्षर शोधा आणि तिथून दोन्हीकडे उतरवा. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षराची उंची सुमारे एक इंच लागते.

युवा महोत्सवात अडीच तासच मिळतात. वेळ कसा वाटायचा?

भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात पोस्टर मेकिंगला अडीच तास आणि २२ × १५ इंचाचा कागद असतो. विषय जागेवर मिळतो, साहित्य स्वतःचं न्यायचं.

पहिली १५ मिनिटं काडेपेटीएवढी सहा-आठ कच्ची रेखाटनं. पुढची १० मिनिटं निवड आणि ओळ. २० मिनिटं कागदावर पेन्सिल, त्यातच अक्षरांची जागा आखून घ्या. तासभर सपाट रंग. २५ मिनिटं अक्षरं. १५ मिनिटं गडद भाग, बाह्यरेषा आणि पांढरे ठिपके. शेवटची पाच मिनिटं लांबून पाहायला आणि डाग झाकायला.

अक्षरं शेवटी ठेवणारे हमखास फसतात. शेवटच्या दहा मिनिटांत हात थरथरतो आणि रंग ओला असतो. रंग चारच न्या: एक गडद, एक उजळ, एक उठावाचा आणि त्वचेचा. बारा बाटल्या उघडल्या, की मिसळण्यात वीस मिनिटं जातात.

पोस्टर कलर सपाट बसत नाही, पट्टे दिसतात, मग तडे जातात.

पट्टे दिसतात ते रंग पातळ असल्यामुळे किंवा ब्रश लहान असल्यामुळे. मोठ्या भागाला एक इंची सपाट ब्रश घ्या, रंग पातळ दह्याइतका दाट करा आणि लागेल त्यापेक्षा जास्तच बनवा. मध्येच संपला तर तीच छटा परत जुळत नाही, कारण वाळल्यावर ती बदलते. आधी कागदाच्या कडेला पट्टी मारून वाळवून पाहा.

तडे जाड थराने जातात. एका जाड थरापेक्षा दोन मध्यम थर बरे. पण हा रंग पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणून दुसरा थर कमी पाण्याचा आणि एकाच हाताने द्यायचा, घासायचं नाही. घासलं की खालचा रंग वर येतो आणि लाल पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं गुलाबी होतात. तसं झालं, तर पूर्ण वाळू द्या आणि घट्ट पांढऱ्याचा एकच हात द्या. कागदाच्या चारी कडा मास्किंग टेपने पॅडवर चिकटवल्या तर तो फुगत नाही.

डिजिटल फाइल किती मोठी ठेवायची?

ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिमी, ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं, की सुमारे ३५७९ × ५०३१. मजकूर आणि चेहरे कापाच्या रेषेपासून किमान १० मिमी आत. फ्लेक्ससाठी प्रत्यक्ष आकाराला ७२ ते १०० डीपीआय पुरतात, कारण तो लांबून पाहिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल कधीही छापू नका, ती दाबलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्क्रीनवर झगमगणारे रंग छापल्यावर मेले. छापखान्याची चूक?

क्वचितच. स्क्रीनवरचा पोपटी, विजेसारखा निळा आणि भडक नारिंगी चार शाईंच्या छपाईत येतच नाही. सुरुवातीपासूनच सीएमवायकेत (सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक या चार शाईंत) काम करा किंवा तो प्रिव्ह्यू चालू ठेवून रंग निवडा. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, ब्लॅक १०० आणि बाकी शून्य. चारही शाई घातल्या आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत झालर दिसते. उलट, रात्रीचं मोठं आकाश नुसत्या काळ्यात राखाडी दिसतं, तिथे त्याच चार शाई ६०-४०-४०-१०० अशा घ्या. गडद भागावर पांढरी बारीक अक्षरं टाळा, शाई पसरून ती बुजतात आणि सगळ्यात आधी शिरोरेषा जाते.

कागद कोणता?

भिंतीवर चिकटवायला १३० किंवा १७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) आर्ट पेपर, प्रदर्शनाला ३०० जीएसएम. लॅमिनेशन केलंच तर मॅट, कारण ट्यूबलाइटखाली ग्लॉसी पोस्टरमध्ये चित्राऐवजी ट्यूबच दिसते. पुन्हा पुन्हा लावायचं असेल तर ५ मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पत्र्यावर). दोन-तीन सपाट रंगांचं काम असेल आणि पन्नासेक प्रती हव्या असतील, तर स्क्रीन प्रिंटिंगचा विचार करा. त्यात शेजारचे रंग अर्धा ते एक मिलिमीटर एकमेकांवर चढू द्यावे लागतात, नाहीतर मध्ये पांढरी फट दिसते.

परीक्षेचा ताण, आत्महत्या, व्यसन असे विषय कसे हाताळायचे?

दोर, पंखा, गोळ्या, गच्चीचा कठडा यातलं काहीही दाखवायचं नाही, सूचक म्हणूनसुद्धा नाही. जो आधीच त्या कड्यावर आहे त्याला ते चित्र मार्ग दाखवतं. 'नापास झाला म्हणून' असं एका कारणाचं वाक्यही नको. माणूस एकटा काढण्यापेक्षा दुसरा कुणी सोबत काढा: मित्र, बहीण, मेसचे काका. सोबतचा बोलत नसला तरी चालेल, शेजारी बसलेला पुरतो. खाली मदतीचा क्रमांक स्पष्ट छापा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ देशभर चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. क्रमांकाचा ठसा मुख्य ओळीच्या निम्म्यापेक्षा लहान नको.

व्यसनाच्या पोस्टरवर कवट्या आणि साप काढणं थांबवा. पानटपरीमागे उभा मुलगा स्वतःला कवटीशी जोडत नाही, तो म्हणतो, हे माझ्याबद्दल नाही.

इंटरनेटवरचा फोटो गिरवला तर चालेल का? आणि ओळखीच्या माणसाचं चित्र?

फोटो गिरवणं म्हणजे नक्कल, आणि फोटोवर हक्क सहसा तो काढणाऱ्याचा असतो. भारतीय कायद्यात फोटोचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. संदर्भासाठी स्वतःच मित्राला उभं करून फोटो काढा, पाच मिनिटांचं काम आहे. ओळखू येईल असा चेहरा असेल तर लेखी परवानगी घ्या, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची. गणवेशावरचं शाळेचं नाव, गाडीचा नंबर, दारावरची पाटी बदलायला विसरू नका.

एआयने चित्र बनवून त्यावर काम करू का?

स्पर्धेचे नियम आधी वाचा. नियम आड येत नसले तरी दोन अडचणी उरतात: देवनागरी अक्षरं बऱ्याचदा वेडीवाकडी येतात, आणि मुलं कुठल्याही शहरातली वाटतात. ज्या टॉवेल-बादलीसाठी वीस मिनिटं बसलात, ती त्यात नसते.

मालिका करायची असेल तर?

चार ते सहा पोस्टरं. एकच कागद-आकार, एकच मुख्य ओळीची जागा, आणि एक रंग सगळ्यांत समान. ठिकाण आणि वेळ बदलू द्या: पहाटेची भरतीची धाव, दुपारची अभ्यासिका, संध्याकाळची लोकल, रात्री अकराची डिलिव्हरी. निम्मी पोस्टरं तरी मुलींची असावीत, आणि त्यात मुलगी काहीतरी करताना असावी, नुसती खिडकीबाहेर पाहताना नाही. सहाही एका पानावर लहान करून छापा. दोन सारखी दिसली तर एक काढा.

इन्स्टाग्रामवर टाकताना कडा कापल्या जातात.

ए-मालिकेचा कागद ४:५ चौकटीपेक्षा उंच असतो. १०८० × १३५० मध्ये पूर्ण पोस्टर बसवलं तर त्याची रुंदी साधारण ९५५ पिक्सेल होते आणि दोन्ही बाजूंना साठेक पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. त्या पांढऱ्या सोडण्यापेक्षा पार्श्वभूमीचा रंग तिथपर्यंत वाढवा.

प्रदर्शनात किती उंचीवर लावायचं?

पोस्टरचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, दोन पोस्टरांत किमान एक हात अंतर. कॉलेजच्या जिन्यात लावणार असाल तर चढताना समोर येणारी भिंत निवडा, उतरताना कुणी थांबत नाही. डबल टेप पावसाळ्यात सुटतो, म्हणून वरच्या दोन कोपऱ्यांना मागून कापडी टेपचा आधार द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा जाऊन पाहा.